वहिनीचा कागद

३ मे

प्रिय वहिनी,

खोकं पोचलं. चोवीसही बाटल्या धड आहेत. दादाने पेंढा इतका कोंबला होता की माझ्या स्वयंपाकघरात तो अजून सापडतोय. पण तुझा कागद कुठे आहे? मी सगळा पेंढा दोनदा चाळला.

दरवर्षी बाटल्यांच्या वर तुझा कागद असतो. यंदाची वाइन कशी झाली, तिच्याबरोबर काय खावं, काय चुकूनही खाऊ नये. त्यावरून मी माझं वर्षाचं जेवण ठरवते. यंदा फक्त दादाच्या अक्षरातली चिठ्ठी, ‘चांगली आहे.’ लहानपणी घरात दूध करपलं तर ज्याला शेजाऱ्यांनी येऊन सांगावं लागायचं, त्याचं हे प्रशस्तिपत्र घेऊन मी काय करू?

कारण मला कळलंय. गेल्या वर्षी तू माझ्याकडे जेवायला आलीस आणि मी तुझ्या वाइनबरोबर लसणात परतलेले मशरूम वाढले. चार गिऱ्हाइकांदेखत तू म्हणालीस, “जीव घेतलास तिचा.” मी म्हणाले, “मळा तुझा, चूल माझी.” तू जेवण अर्धं टाकून उठलीस. वर्ष होऊन गेलं, मी ते कधीच विसरले. म्हणजे विसरले नाही, पण मनात ठेवलं नाही.

फोनवर दादा ‘बरं’ आणि ‘ठेवतो’ यापलीकडे जात नाही, तू तर उचलतच नाहीस. म्हणून पत्र. राग असेल तर तसं लिही, पण कागद पाठव. खानावळ आठ टेबलांची का असेना, तुझ्या कागदावाचून तिचं पान हलत नाही.

तुझीच (तू मानत असशील तर),
चमची

२९ मे

चमचे,

वहिनी रागावलेली नाही. लसणाचं तिच्या डोक्यातही नाही. तब्येत जरा नरमगरम आहे, कामही आहे. वेलींची छाटणी उशिरा संपली. यंदा गारठा हटायलाच तयार नाही, डोंगरावर अजून सकाळी हात खिशातून काढवत नाहीत.

वाइन चांगली आहे. मासा कर.

दादा

२० जुलै

वहिनी,

तू नाही लिहिलंस. दादाने लिहिलं, तेही ‘मासा कर’ एवढंच. तोच मी तुझा कागद समजायचा की काय?

मी वाट पाहून थकले. तुझं खोकं तळघरात नेऊन ठेवलं आणि दुसऱ्या मळ्याची वाइन लावली. त्यांचा माणूस स्वतः येऊन दोन तास बसला, काय कशाबरोबर खावं ते हसत सांगून गेला. परक्या माणसाला जमतं ते घरच्यांना जमू नये याचं वाईट वाटलं, म्हणून कळवते.

चमची

११ ऑगस्ट

वन्संबाई,

(इतक्या तावात आहात म्हणून मान देऊन लिहिते. वयाने माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान आहेस हे मी विसरलेले नाही.)

त्या दुसऱ्या मळ्याची वाइन कशी आहे? खरं सांग. आमच्यापेक्षा चांगली असेल तर सांगू नकोस.

मार्चमध्ये माझ्या पोटात गाठ निघाली. साधी नाही. औषधं सुरू झाली आणि तिसऱ्या आठवड्यात चव गेली. वासही गेला. लिंबू, दूध, मीठ, सगळं तोंडात सारखंच लागतं, पत्रा चाटल्यासारखं. खोकं भरायच्या दिवशी मी ग्लास आणि कोरा कागद घेऊन तासभर बसले. नुसतं थंड काहीतरी घशाखाली उतरत होतं. शेवटी दादाला म्हटलं, कंटाळा आलाय, तूच दोन शब्द खरड. त्याने दोनच खरडले.

आजाराचं त्याला सगळं ठाऊक आहे, तोच मला नेतो-आणतो. तुला कळवू नकोस हे मीच सांगितलं होतं. पण चवीचं त्याला ठाऊक नाही, आणि कळता कामा नये. साखर किती झाली ते यंत्र सांगतं, पण आमच्या थंडीत द्राक्ष इतकं हळू पिकतं की आंबटपणा नेमका कुठे थांबवायचा हे यंत्राला उमगत नाही. तेवीस वर्षं मी सकाळी दोन मणी चावून सांगत आले. माझं तोंड गेलं हे त्याला समजलं तर तो वेली वाऱ्यावर सोडून माझ्या उशाशी येऊन बसेल. मला ते बघवणार नाही.

मी असेपर्यंत हे तुझ्या पोटात ठेव. आणि येऊ नकोस. तुझा चेहरा म्हणजे उघडं दुकान, त्याला दारातच कळेल.

एक कर. तू काय रांधलंस, आमच्या वाइनबरोबर ते कसं लागलं, ते मला लिही. खाता येत नाही तर निदान वाचते.

वहिनी

२४ ऑगस्ट

वहिनी,

तुझं पत्र भांडी घासायच्या मोरीपाशी उभी राहून वाचलं आणि तिथेच बसले. तू अंथरुणावर, आणि मी इकडे कागद नाही म्हणून फुगून बसले होते. त्या जुलैच्या पत्राची मला लाज वाटते. दुसऱ्या मळ्याची वाइन काढून टाकली. बरी होती. तुमच्या नखाची सर नव्हती.

आता ऐक. दुपारी खानावळ बंद झाल्यावर तुझी बाटली तळघरातून वर आणली आणि एकटीसाठी मासा केला. पांढऱ्या मांसाचा, बोटभर जाडीचा तुकडा. आधी पुसून अगदी कोरडा केला. लोणी वितळून त्याचा फेस बसला की मासा घातला, एकदाच उलटला. वरून लिंबाची साल, रस नाही, हे तुझंच शिकवणं. बाजूला उकडलेले लहान बटाटे, नुसतं मीठ. आधी घास खाल्ला. लोण्याने तोंड मऊ आणि थोडं जड झालं. मग वाइनचा घोट घेतला आणि ती लोण्यातून सुरीसारखी गेली. आधी हिरव्या सफरचंदाची पहिली फोड, मग ती तुझी आवडती गोष्ट, ओल्या दगडाचा वास. तोंड पुन्हा कोरं झालं आणि आणखी एक घास हवासा वाटला. असं करत सगळा मासा संपला.

शेळीच्या दुधाचं ताजं चीज पण खाल्लं. दोन्ही आंबट, तरी एकमेकांना सांभाळून घेतात. तू म्हणायचीस, नणंद-भावजयीसारखं.

दर आठवड्याला लिहीन. तू सांगितलंस म्हणून येत नाही. पण मला यायचंय हे लक्षात असू दे.

चमची

२ नोव्हेंबर

चमचे,

तू परवा फोनवर विचारलंस, मी ‘झाली तोडणी’ म्हणून ठेवून दिला. नीट सांगायला हवं होतं. हे दुसऱ्या कोणाला सांगण्यासारखं नाही.

सत्तावीस सप्टेंबरला यंत्राने आकडा दाखवला. दरवर्षी त्या आकड्याला वहिनी सकाळी वेलींच्या ओळीत जाते आणि ‘आजच’ म्हणते. पण ती रुग्णालयात होती, ताप उतरत नव्हता. तेवीस वर्षांत तिच्या तोंडाशिवाय मी एक घड उतरवलेला नाही. मी थांबलो. रोज संध्याकाळी ती खाटेवरून विचारायची, साखर किती झाली? मी कमी करून सांगायचो. म्हणायचो, अजून हिरवीगार आहेत, यंदा गारठा फार आहे, तू घरी येईपर्यंत होतात बघ. असे अकरा दिवस काढले. मणी पिवळे पडायला लागले होते, कामाला आलेले लोक माझ्याकडे बघायचे आणि मी दुसरीकडे बघायचो.

आठ ऑक्टोबरला तिला घरी आणलं, म्हटलं, आकडा आजच भरला. दुसरं काही करायच्या आत चाकांच्या खुर्चीत बसवून ओळीपर्यंत नेलं. मावळतीचं ऊन होतं, म्हणून रंग एवढा कळत नव्हता. तिने दोन मणी तोंडात घातले, डोळे मिटले, खूप वेळ चावले. म्हणाली, “आजच.”

मला रडू आलं. म्हणजे उशीर झालाच नव्हता. यंत्र चुकेल, तिचं तोंड चुकत नाही. पण मी खोटं बोललो हे तिला सांगू नकोस.

मासे-बटाट्यांची तुझी पत्रं ती मला वाचून दाखवते. तेवढा वेळ ती बरी असते. लिहीत राहा.

दादा

१८ जानेवारी

चमचे,

अक्षर वाकडं येतंय, समजून घे. तुझं धुरावलेल्या कोळंबीचं पत्र तीनदा वाचलं. कांद्याची पात घातलीस ते बरोबर केलंस.

आज मोठी बातमी. तुझा दादा शिकला.

टाकीतली वाइन आता निवळली आहे. मला तर काही कळत नाही, म्हणून मी युक्ती काढली. रोज संध्याकाळी तो माझ्यासाठी ग्लास भरून आणतो, तेव्हा मी म्हणते, आज तुझी परीक्षा, आधी तू सांग. पहिले दोन दिवस मख्ख उभा. तिसऱ्या दिवशी हळूच म्हणाला, “हिरवं सफरचंद?” मग दुसऱ्या दिवशी लिंबाची साल. काल तर ओला दगड म्हणाला गं. माझेच शब्द, ऐकून ऐकून मुरलेत त्याच्यात. मी लिहून घेत जाते आणि मास्तरणीसारखी मान हलवते, बरोबर, बरोबर.

त्यावरून यंदाचा कागद तयार केलाय. पुढच्या खोक्यात येईल.

माझ्या जिवाला एवढाच घोर होता, माझ्यामागे मळ्याचं कसं होणार. आता नाही. रात्री मला झोप लागते. इतक्या वर्षांनी त्या दगडाला ओला दगड कळला.

वहिनी

२० जानेवारी

चमचे,

वहिनी खंगत चालली आहे. तुला म्हणून सांगतो, एक लबाडी चाललीय माझी.

ती रोज मला ग्लास देऊन विचारते, काय कळतं? मला काय कळणार, गार पाणी आणि वाइन यात मला फरक तेवढा नशेचा. पण मी गप्प राहिलो की तिचा चेहरा पडतो. म्हणून तिची जुनी वही काढली. सहा वर्षांपूर्वीची वाइन सगळ्यांत चांगली होती ना, त्या वर्षाचं पान पाठ केलं. रोज त्यातलं एकेक म्हणतो. ती खूश होते. नवल म्हणजे तीही चाखते आणि म्हणते, बरोबर. म्हणजे यंदाची अगदी तशीच उतरलीय. नशीबच म्हणायचं.

दादा

४ फेब्रुवारी

वहिनी,

दादाचं पत्र आलंय. तू म्हणतेस ते खरं आहे. शिकला तो.

तू झोप.

चमची

२१ एप्रिल

चमचे,

तू परत गेलीस त्याला पाच आठवडे झाले. वहिनीचे कपडे तू कपाटात लावून ठेवलेस तसेच आहेत. मी ते कपाट उघडत नाही, माझे सदरे बाहेर दोरीवर असतात.

खोकं पाठवलंय. यंदा कागद आहे. तिने जानेवारीत लिहून पाकिटात घालून ठेवला होता. मूळ तुला पाठवतोय, मी नक्कल करून घेतली:

‘हिरवं सफरचंद. लिंबाची साल, रस नाही. पावसात ओला झालेला दगड. शेवटी किंचित मीठ. लोण्यातला पांढरा मासा, उकडलेले बटाटे, शेळीच्या दुधाचं ताजं चीज. काकडी चालेल. लसूण नको. (चमचीसाठी: नको म्हणजे नको.)’

यंदा बाटलीच्या मागच्या लेबलावर हेच छापायचं ठरवलंय, खाली तिचं नाव. छापखानेवाला थांबलाय. तू एक बाटली उघडून चाख आणि ‘बरोबर’ एवढं कळव. तिने चाखून लिहिलंय, म्हणजे विचारायचीही गरज नाही. पण दरवर्षी तिच्या कागदावर शेवटचा शब्द तुझा असायचा, म्हणून विचारतो.

दादा

९ मे

दादा,

तीन बाटल्या उघडल्या, कारण पहिल्या दोन वेळा मला वाटलं की माझंच तोंड बिघडलंय.

कागद बरोबर नाही. मला हे लिहिताना फार जड जातंय, पण छापलंस तर पहिल्याच घोटाला लोक म्हणतील, जिने लिहिलं तिला वाइन कळत नव्हती. तिच्या नावावर असं कोणी बोललेलं मला खपणार नाही.

आता जे सांगते ते मी नऊ महिने पोटात ठेवलंय. तिने शब्द घेतला होता, ती असेपर्यंत. वहिनीची चव गेल्या वर्षी एप्रिलमध्येच गेली होती, वासही. तिने तुझ्यापासून लपवलं, तू वेली सोडून तिच्याजवळ बसशील म्हणून. ऑक्टोबरात तिने ते दोन मणी चावले तेव्हा तिला काहीच लागलं नाही. तू साखरेचा आकडा सांगितला होतास, त्यावर भरवसा ठेवून ती ‘आजच’ म्हणाली. आणि हिवाळ्यात ती तुझी परीक्षा घेत नव्हती दादा. तिला तुझ्या तोंडून कळून घ्यायचं होतं. तू तिच्याच वहीतलं म्हणालास आणि तिने ते यंदाचं म्हणून लिहिलं. हा कागद सहा वर्षांपूर्वीच्या वाइनचा आहे.

तुम्ही दोघं एकमेकांना जपत होता आणि दोघांची पत्रं माझ्या टेबलाच्या एकाच खणात होती. मला बोलता आलं असतं. तिला सांगितलं असतं तर तिची झोप गेली असती, तुला सांगितलं असतं तर तुझी. मी दोघांनाही खोटं पाडलं नाही आणि मी आलेही नाही. आले ती, ती गेल्यावर पाचव्या दिवशी तुला धरून उभी राहायला. याबद्दल मला माफ कर. तिची माफी मागायला आता मी कुठे जाऊ ते मला कळत नाही.

तर वाइन. ती वाईट नाही, हे आधी ऐक. सफरचंद आहे पण हिरवं नाही, पिकून सालीला सुरकुती पडलेलं. दगड नाही. पीच आहे, थोडा मध आहे, गोडवा जिभेवर रेंगाळतो. आंबटपणा आहे, पण मागच्या बाकावर. तुझे ते अकरा दिवस सगळे यात उतरलेत.

कागदाबरहुकूम मासा केला. मासा फिका वाटला, वाइन सरबतासारखी. शेळीचं चीज टाकूनच द्यावं लागलं. मग मी एकेक करून बघत गेले. निळ्या बुरशीचं खारट चीज आणि भाजलेला पेअर, हे जमलं. मिठात मुरवून धुरावलेला मासा, तो छान जमला. आणि शेवटी, बाकी काही उरलं नाही म्हणून, लसणात परतलेले मशरूम केले.

दादा, ते सगळ्यांत चांगलं लागलं. ज्या लसणावरून आम्ही भांडलो तोच. मी लगेच मागे वळले, तिला सांगायला. मग ताट तसंच ठेवून बाहेर पायरीवर जाऊन बसले.

लेबलावर काय छापायचं ते तू ठरव.

चमची

२ जून

चमचे,

पहिले चार दिवस तुझा राग आला. मग माझा स्वतःचा. वहिनीचा येईल म्हणून वाट पाहिली, तो आला नाही.

मी आठ ऑक्टोबरची ती संध्याकाळ पुन्हा पुन्हा आठवतो. केवढा वेळ चावत होती. मला वाटलं बारकाईने बघतेय. ती माझ्यासाठी चावत होती. आणि ती गेली तेव्हा तिला वाटत होतं की मी शिकलो. हे बरं झालं की वाईट, मला ठरवता येत नाही. तुला आलं तर कळव.

माफीचं बोलू नकोस. तुझी पत्रं वाचताना तिच्या तोंडाला पाणी सुटलेलं मी पाहिलंय. आता कळतं, तिची चव तेवढी त्या पत्रांतच उरली होती.

लेबलावर तुझं लिहिलेलं छापलं, पीच, मध, धुरावलेला मासा, लसूण. नाव तिचं घातलं नाही, अकरा दिवसांचं खापर तिच्या माथी नको. तिचा कागद तू परत पाठवलास तो वहीत लावला, सहा वर्षांपूर्वीच्या पानासमोर. शब्द तेच आहेत. दुसऱ्या पानावरचं अक्षर तेवढं हललेलं आहे.

वेली फुलल्या आहेत. सप्टेंबरअखेर यंत्र आकडा दाखवेल आणि मी पुन्हा ओळीच्या तोंडाशी उभा असेन. मला काही कळणार नाही. खानावळ चार दिवस बंद ठेव आणि ये.

सकाळी लवकर जावं लागतं, गारठा असतो, माझा कोट देईन. वहिनी चहा न पिताच जायची, तोंड कोरं हवं म्हणून. मी मागे थर्मास घेऊन उभा राहायचो आणि ती ‘आजच’ म्हणाली की झाकणात ओतून द्यायचो. तूही काही पिऊन येऊ नकोस. थर्मास मी घेतो.

दादा